संत अँथनीची आग आणि मठातला पाव

इ. स. 945 मध्ये पॅरिस आणि आसपासच्या मुलखात एक भयानक आजार पसरला. हातापायांची आग व्हायची, कातडी काळी पडायची आणि माणूस तडफडून मरायचा. फ्लोदोआर या फ्रेंच धर्मगुरूने त्या वर्षाच्या नोंदींत हे लिहून ठेवलं आहे. त्याच नोंदीत पुढे असंही आहे, की जे रोगी पॅरिसच्या मेरीमातेच्या चर्चपर्यंत पोचले ते वाचले. तिथे आलेल्यांना ड्यूक ह्यू रोज स्वतःच्या पदरचं जेवण देत होता. बरं वाटल्यावर काही जण घरी परतले आणि आग पुन्हा भडकली. ते पुन्हा चर्चमध्ये आले, पुन्हा शांत झाली.

फ्लोदोआरच्या लेखी हा मेरीमातेचा चमत्कार होता. त्याला दोष कसा देणार? रोगी देवाच्या दारात बरे होताना आणि दारापासून लांब गेल्यावर पुन्हा आजारी पडताना लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. मात्र ड्यूकच्या जेवणाची ओळ त्याने लिहून ठेवली हे आपलं नशीब, कारण सगळी गोम तिथेच आहे.

त्या काळी युरोपातल्या गरिबाच्या ताटात गव्हाचा पाव क्वचितच असे. गहू जमीनदारांचा आणि मठांचा. गरीब माणूस राय नावाचं धान्य पिकवायचा आणि त्याचाच काळपट पाव खायचा (ही राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे, गव्हाच्या नात्यातलं तृणधान्य). हे पीक हलक्या जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीतही तग धरतं. पण ते फुलोऱ्यात असताना हवा थंड, दमट राहिली, की त्यावर क्लॅव्हिसेप्स परप्युरिया ही बुरशी पडते. ती फुलातल्या बीजांडकोशात शिरते. आधी कणसातून चिकट, गोड द्रव पाझरतो, त्यावर किडे येतात आणि रोग पुढच्या कणसावर नेतात. मग जिथे दाणा भरायचा तिथे जांभळट काळा, किंचित वाकडा, दाण्यापेक्षा लांब असा बुरशीचा गठ्ठा तयार होतो. हाच अरगट. शेतकऱ्यांना तो दिसत नव्हता असं नाही. ओल्या वर्षी तो इतका सर्रास असायचा, की रायच्या कणसात असे काळे दाणे असायचेच, अशी त्यांची समजूत होती.

अरगटातली एर्गोटामीनसारखी अल्कलॉइड्स रक्तवाहिन्या आकुंचित करतात. बोटांना, पावलांना रक्त पोचेनासं होतं. सुरुवातीला मुंग्या आणि असह्य जळजळ, नंतर तो भाग थंडगार, बधिर, काळाठिक्कर. हे कोरडं गँगरीन. कधी कधी बोट किंवा अख्खं पाऊल रक्ताचा थेंबही न सांडता गळून पडे. दुसऱ्या प्रकारात झटके आणि भ्रम होत. रायमधलं हे विष साठवणुकीत हळूहळू कमी होतं. म्हणजे जुनी शिल्लक संपल्यामुळे नव्या पिकावर तुटून पडणाऱ्या भुकेल्या घरात ते सगळ्यात जास्त जायचं.

या आजाराला पुढे संत अँथनीचं नाव चिकटलं. अकराव्या शतकात या संताच्या अस्थी कॉन्स्टँटिनोपलहून फ्रान्सच्या आग्नेयेकडच्या दोफिने प्रांतात आल्याची परंपरा आहे. तिथे 1095 च्या सुमारास रोग्यांची सेवा करणारा पंथ उभा राहिला. अंगावर काळा झगा, त्यावर निळं टी-आकाराचं चिन्ह. नगरोनगरी त्यांची इस्पितळं निघाली. गळ्यात घंटा बांधलेली त्यांची डुकरं गल्लीबोळांतून मोकाट फिरत, त्यांना कोणी हात लावायचा नाही असा रिवाज. डुकराच्या चरबीत औषधी वनस्पती मिसळून मलम करत. वर्षातून एकदा संताच्या अस्थींवर वाइन ओतत आणि ते तीर्थ रोग्यांना देत. हाताबाहेर गेलेला अवयव कापून टाकत. स्ट्रासबुर्गचा शल्यचिकित्सक हान्स फॉन गेर्सडॉर्फ याच्या 1517 च्या पुस्तकात पाय कापतानाचं एक लाकूडठशाचं चित्र आहे. त्यात मागे उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात तेच टी चिन्ह आहे आणि त्याच्या तुटक्या हातावर जनावराचं मूत्राशय पिशवीसारखं चढवलेलं आहे.

तत्कालीन वैद्यकीचं शास्त्र वेगळंच होतं. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेत शरीर रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार रसांवर चालायचं. आग होतेय म्हणजे उष्णता वाढली, तेव्हा थंड गुणाच्या वनस्पती द्या. संताचा कोप आणि बिघडलेले रस या दोन्ही कल्पना एकाच रोग्याच्या उशाशी सुखाने नांदत.

आणि या सगळ्यासोबत मठात रोग्याला पोटभर जेवण मिळे, त्यात गव्हाचा पाव असे. राय बंद झाली, की विष थांबायचं. पेशी अजून मेल्या नसतील तर रक्तवाहिन्या पुन्हा सैलावायच्या, आग ओसरायची. श्रेय अर्थातच अस्थींना आणि वाइनला जायचं. माझ्या मते हा आजार कित्येक शतकं न उलगडण्याचं मोठं कारण हेच: चुकीचा उपाय खरोखर लागू पडत होता. त्यात दोन गोष्टींनी भर घातली. वाटेत दगावलेल्यांची मोजदाद कोणी केली नाही, आणि त्वचेचे इतर दाह देणारे आजारही त्याच नावाखाली खपले. तेव्हा बरे झालेले सगळेच काही अरगटाचे रोगी नसणार.

अल्सासमधल्या इझेनहाइम इथल्या याच पंथाच्या मठासाठी चित्रकार ग्र्यूनेवाल्टने 1512 ते 1516 च्या दरम्यान रंगवलेलं भव्य वेदीचित्र आज कोलमारच्या संग्रहालयात आहे. त्याच्या एका फलकात डाव्या कोपऱ्यात फोडांनी भरलेला, पोट फुगलेला एक जीव विव्हळत पडला आहे. दुसऱ्या फलकात संतांच्या पायाशी औषधी वनस्पती आहेत, ओळखता येतील इतक्या बारकाईने काढलेल्या. मठात दाखल झालेले रोगी हे चित्र पाहत असत.

गँगरीनचा संबंध रायमधल्या काळ्या दाण्याशी आहे, हे दोनी दोदार या फ्रेंच वैद्याने फ्रेंच विज्ञान अकादमीला कळवलं ते 1676 साली. बुरशीचं पूर्ण जीवनचक्र त्युलान या फ्रेंच बुरशीतज्ज्ञाने 1853 मध्ये उलगडलं. सुईणींनी मात्र याच दाण्याचा उपयोग दोदारच्याही आधी ओळखला होता. तो गर्भाशयही आवळतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला आपल्याकडच्या इस्पितळांत देतात ते मेथर्जिन याच कुळातलं.

अरगट महाराष्ट्राच्या शेतकऱ्यालाही परका नाही. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ, पावसाळी हवा राहिली की बाजरीच्या कणसावर मधासारखे थेंब दिसतात, मागून काळे गठ्ठे. ही बुरशी वेगळ्या जातीची आहे आणि तिची अल्कलॉइड्सही वेगळी. त्यामुळे अशी बाजरी खाल्ली तर मळमळ, उलट्या, गरगरणं, गुंगी येते, पण हातपाय झडत नाहीत. 1975 साली राजस्थानात अशा बाजरीतून लोकांना विषबाधा झाली होती. उपाय साधा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकायचं. अरगट हलका, तो वर तरंगतो. तो काढून जाळून टाकायचा, आणि तळाशी राहिलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं.