नवजात बाळांमधली कॅप्नोग्राफी

व्हेंटिलेटरवर असलेलं बाळ दर श्वासाला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतंय ते सतत मोजत राहणं म्हणजे कॅप्नोग्राफी. उच्छ्वास संपता संपता जो आकडा येतो त्याला एंड टायडल सीओटू म्हणतात, मॉनिटरवर तो ईटीसीओटू असा दिसतो, आणि सोबत जो ग्राफ सरकत असतो तो कॅप्नोग्राम. भूल देताना ऑपरेशन थिएटरमध्ये हे लावणं आता ठरलेलंच आहे, मोठ्यांच्या आयसीयूतही श्वासनलिकेत ट्यूब घातलेल्या पेशंटला लावावं असा आग्रह ब्रिटनच्या एनएपी ४ या ऑडिटने २०११ मध्ये धरला. नवजात बाळांच्या आयसीयूत, म्हणजे एनआयसीयूत मात्र हे सगळीकडे सारखं रुजलेलं नाही. त्याला खरी तांत्रिक कारणं आहेत, पण म्हणून मॉनिटर कपाटात ठेवून द्यावा इतकी ती मोठी नक्कीच नाहीत.

आधी हे बघू की या एका गॅसची एवढी काळजी का करायची. मेंदूतल्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइडप्रमाणे आकसतात आणि फुगतात. तो फार कमी झाला की वाहिन्या आकसतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळात पांढऱ्या भागाला इजा होते, त्याला पीव्हीएल म्हणतात. फार वाढला की वाहिन्या फुगतात, रक्ताचा जोर वाढतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची, म्हणजे आयव्हीएचची भीती असते, ती सगळ्यात जास्त पहिल्या ३ दिवसांत. आणि कमी जास्त यापेक्षाही वाईट म्हणजे झोके, आत्ता ६५ तर तासाभरात ३०. म्हणून प्रीमॅच्युअर बाळात रक्तातला सीओटू साधारण ४५ ते ५५ मिमी पाऱ्याच्या आसपास ठेवतात, पीएच बरा असेल तर थोडा वर गेला तरी चालवून घेतात, कारण तो ४० वर आणायच्या हट्टापायी फुफ्फुसावर जास्त प्रेशर मारलं की फुफ्फुसच खराब होतं.

हे सगळं ब्लड गॅसवर, म्हणजे रक्त काढून करायच्या तपासणीवर, कळतंच की, मग वेगळं मॉनिटरिंग कशाला? तर गॅस सांगतो त्या क्षणाचं. सर्फॅक्टंट, म्हणजे फुफ्फुस उघडं राहायला मदत करणारं औषध, दिल्यानंतरचा तास बघा. कडक असलेलं फुफ्फुस थोड्याच वेळात सैल पडतं, व्हेंटिलेटरचं प्रेशर मात्र तेच असतं, त्यामुळे जे १ किलोचं बाळ दर श्वासाला ४ मिली हवा घेत होतं ते ७-८ मिली घ्यायला लागतं आणि सीओटू भराभर उतरतो. सॅच्युरेशन मस्त दिसत असतं, बाळ शांत असतं, सगळ्यांना हायसं वाटलेलं असतं, आणि पुढचा गॅस असतो काही तासांनी. ईटीसीओटूचा आकडा समोर असेल तर ही घसरण १०-१५ मिनिटांत डोळ्यात भरते आणि प्रेशर तेव्हाच कमी करता येतं. शिवाय १ किलोच्या बाळात एकूण रक्तच ८० ते ९० मिली, दर गॅसला त्यातलं थोडं जातं, आणि आर्टरीत लाइन नसेल तर टाचेला टोचावं लागतं, ते दुखतं.

मोजणी इन्फ्रारेडवर चालते. कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेड किरण शोषतो हे जॉन टिंडल यांनी १८५९ च्या प्रयोगांत दाखवलं होतं, आजचे सेन्सर साधारण ४.२६ मायक्रॉनची तरंगलांबी वापरतात, जितकी शोषली गेली तितका सीओटू. सेन्सर कुठे बसवायचा याचे दोन प्रकार. मेनस्ट्रीममध्ये अडॅप्टर थेट ट्यूब आणि सर्किटच्या मध्ये बसतो, साइडस्ट्रीममध्ये बारीक नळीतून थोडी हवा ओढून मशीनकडे नेतात.

नवजात बाळात खरी गोची इथेच आहे. १ किलोचं बाळ मिनिटाला ५० श्वास आणि दर श्वासाला ५ मिली धरलं तर मिनिटाला २५० मिली हवा हलवतं, आणि जुन्या पद्धतीचा साइडस्ट्रीम मिनिटाला १५० मिली ओढतो! म्हणून बाळांसाठी ५० मिलीवर चालणारी कमी फ्लोची मशीन्स आली, तीच वापरायची. त्यातही नळीत पाणी साचलं की लाइन ब्लॉक होते. मेनस्ट्रीमला ओढायची भानगड नाही आणि ग्राफ स्वच्छ येतो, पण अडॅप्टरची स्वतःची जागा १ मिलीच्या आत असली तरी ५ मिलीच्या श्वासात ती जाणवते, आणि त्याचं वजन छोट्याशा ट्यूबवर येतं, म्हणून त्याला नीट आधार द्यायला लागतो, नाहीतर ज्या ट्यूबवर लक्ष ठेवायला सेन्सर लावला तीच त्याच्या ओढीने सरकायची.

आता आकडा. ईटीसीओटू हा रक्तातल्या सीओटूपेक्षा जवळपास नेहमी कमीच येतो. निरोगी फुफ्फुसात फरक २ ते ५ मिमीचा, आजारी फुफ्फुसात तो १० किंवा त्याहून जास्तही होतो. कारणं बरीच आहेत, फुफ्फुसाच्या काही भागात हवा जाते पण रक्त पोचत नाही, काही जन्मजात हृदयविकारांत रक्त फुफ्फुसाला बगल देऊन जातं, मिनिटाला ६० श्वास असले की उच्छ्वास पूर्ण व्हायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो, आणि बाळांच्या ट्यूबना बहुतेक वेळा कफ (ट्यूबभोवतीचा फुगा) नसतो म्हणून बाजूने हवा लीक होते. त्यामुळे गॅस न करता नुसत्या ईटीसीओटूवर सेटिंग ठरवणं चूक आहे, आणि आकडा जुळत नाही म्हणून मॉनिटर काढून ठेवणं ही तितकीच चूक. करायचं असं की दर गॅसच्या वेळी त्याच मिनिटाचा ईटीसीओटू शीटवर लिहायचा आणि दोन्हीतला फरक मांडायचा. फरक स्थिर असेल तर मधल्या वेळात ट्रेंडवर विश्वास ठेवता येतो. तो एकदम वाढला तर तीही माहितीच आहे, लीक वाढलाय, फुफ्फुसाकडचं रक्त कमी झालंय किंवा फुफ्फुस बिघडतंय.

ग्राफ तर आकड्यापेक्षा जास्त बोलतो. ग्राफ अचानक सपाट झाला तर आधी बाळाकडे बघायचं, ट्यूब निघाली, ब्लॉक झाली किंवा सर्किट सुटलं यापैकी काहीतरी असतं, आणि सॅच्युरेशन पडायच्या आधी हे कळतं. चढ तिरपा होऊन वरचा सपाट भाग नाहीसा झाला तर हवा बाहेर पडायला अडथळा, सिक्रिशन्स (चिकट स्राव) असतील किंवा बीपीडी, म्हणजे प्रीमॅच्युअर बाळांतला फुफ्फुसाचा जुनाट आजार, झालेलं फुफ्फुस. खालची रेघ शून्यावर येत नसेल तर बाळ सोडलेलीच हवा परत घेतंय. अगदी छोट्या बाळात सपाट माथा मुळातच येत नाही, नुसतं टोक येतं, तेव्हा त्याचा आकडा आणखी सावधपणे वाचायचा.

ट्यूब घालताना मॉनिटर हाताशी नसेल तर रंग बदलणारा डिटेक्टर लावतात, जांभळ्याचा पिवळा झाला की ट्यूब श्वासनलिकेत आहे. हृदय जवळजवळ थांबलेलं असेल तर ट्यूब बरोबर असूनही रंग बदलत नाही, आणि ॲड्रेनलिन किंवा सर्फॅक्टंट लागलं तर तो उगाच पिवळा पडून तसाच राहू शकतो, ही दोन्ही फसवणुकी माहीत हव्यात. बाळाला ॲम्ब्युलन्समधून हलवताना मात्र सरकता ग्राफच हवा, तिथे दर धक्क्याला ट्यूब हलू शकते आणि छातीचा आवाज धड ऐकू येत नाही.

हाय फ्रीक्वेन्सी ऑसिलेशनवर, म्हणजे अतिशय जलद आणि बारीक श्वास देणाऱ्या व्हेंटिलेटरवर, असलेल्या बाळात नेहमीसारखा उच्छ्वासच नसतो, तिथे ईटीसीओटूचा फारसा उपयोग होत नाही. मग त्वचेवरून मोजणारा ट्रान्सक्युटेनियस सेन्सर लावतात, तो त्वचा ४० ते ४४ अंशांपर्यंत गरम करतो म्हणून दर काही तासांनी जागा बदलायची, प्रीमॅच्युअर बाळाची त्वचा पटकन भाजते.

जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडल्यामुळे ज्या बाळांना ३३.५ अंशाच्या आसपास थंड ठेवतात त्यांच्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची. थंडीत शरीर सीओटूच कमी बनवतं, त्यामुळे जुन्या सेटिंगवर तो नकळत खाली जातो, आणि ज्या मेंदूला आधीच इजा झालीय त्याला हे परवडणारं नाही. त्यात गॅस मशीन रक्त ३७ अंशाला आणून मोजतं, तिथे ५० दिसले तर बाळाच्या शरीरात खरे ४३ च्या आसपास असतात. उच्छ्वासातला आकडा बाळाच्या प्रत्यक्ष तापमानातल्या रक्ताशी जुळणारा, म्हणून अशा बाळात ईटीसीओटूची तुलना गॅस मशीनमध्ये बाळाचं टेंपरेचर टाकून मिळालेल्या आकड्याशीच करायची.