निवारा उभारणीतील ऑफलाइन कृत्रिम बुद्धिमत्ता

मोबाइलची रेंज नसलेल्या दुर्गम जागी निवारा बांधताना, फोन किंवा लॅपटॉपवरच साठवलेल्या व तिथेच चालणाऱ्या भाषा-मॉडेलकडून, म्हणजे प्रश्नांना लेखी उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सॉफ्टवेअरकडून, मार्गदर्शन घेण्याची पद्धत. पूर-भूकंपानंतर रस्ते आणि टॉवर अनेकदा एकदमच बंद पडतात आणि नेमके तेव्हाच डोक्यावर छप्पर हवे असते. गिर्यारोहक आणि संशोधन-तळांवरील माणसांनाही ही पद्धत उपयोगी पडते.

मॉडेल फोनवर मावावे म्हणून त्यातले आकडे कमी बिटांत साठवतात. याला क्वांटायझेशन म्हणतात. ३ अब्ज प्राचलांचे, म्हणजे अशा ३ अब्ज आकड्यांचे, मॉडेल दर आकड्याला १६ बिट दिले तर सुमारे ६ जीबी जागा घेते, ४ बिटांत साधारण दीड जीबी. २०२३ मध्ये आलेल्या ‘लामा डॉट सीपीपी’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमुळे साध्या संगणकावर मॉडेल चालवणे सोपे झाले. २०२४ मध्ये मेटाने ‘लामा ३.२’ची १ आणि ३ अब्ज प्राचलांची मॉडेले फोनसारख्या उपकरणांसाठीच काढली. मॉडेल आणि नकाशे निघण्याआधी उतरवून घ्यावे लागतात. जीपीएस मात्र इंटरनेटविना चालते.

लहान मॉडेल चुकीचा आकडाही ठामपणे सांगते, हा यातला खरा धोका. मदतकार्यात सर्रास मिळणाऱ्या ४ × ६ मीटर ताडपत्रीचेच पाहा. कापड २४ चौरस मीटर आहे. ६ मीटर लांबीच्या आढ्यावरून ते दोन्ही बाजूंना ४५ अंशांत जमिनीपर्यंत सोडले, तर खाली सुमारे १७ चौरस मीटर जागा उरते. मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय किमान मानकांनुसार माणशी किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा लागते, म्हणजे पाच जणांना १७.५. इथे त्यामुळे चारच जण मावतात. मॉडेलने कापडाचे २४ हेच जमिनीचे क्षेत्रफळ धरले, तर सहा माणसे मावतील असे उत्तर येते आणि घाईत ते पटूनही जाते. म्हणून मॉडेलच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा बांधकामाच्या पुस्तिका फोनमध्ये ठेवून, त्यांतला नेमका उतारा शोधून त्यावरून उत्तर देणारी रचना कितीतरी बरी. आकडेमोड तरीही कागदावर पडताळावी.

फोटो पाहू शकणारे मॉडेल असले तरी जागेची निवड हा सर्वांत नाजूक भाग आहे. कोरड्या ओढ्याचे सपाट, वाळूचे पात्र फोटोत उत्तम दिसते. पण शेजारच्या झुडपांत गुडघाभर उंचीवर पालापाचोळा आणि काटक्या अडकलेल्या असतील, तर तिथवर पाणी येऊन गेलेले असते. ही खूण फोटोच्या चौकटीबाहेर राहिली की मॉडेललाही ती दिसत नाही. जमिनीचा मऊपणाही फोटोत कळत नाही. मेख ठोकून दोर अंगाचा भार टाकून ओढावा, मेख हलली तर जागा किंवा मेख बदलावी. आखणीत मात्र मॉडेल चांगले उपयोगी पडते: दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून काटकोन कसा साधायचा, चर कोणत्या बाजूने खणायचा, मेढींना तिरके टेकू कुठे द्यायचे, हे ते टप्प्याटप्प्याने सांगते.

ज्या भाषांतला मजकूर इंटरनेटवर कमी आहे, त्यांत लहान मॉडेले जास्त अडखळतात. दगडी भिंती, बर्फाचा भार किंवा भूकंपरोधक बांधणी यांचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. तिथे अभियंताच हवा. मॉडेल चालताना फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते, आणि थंडीत ती आणखी कमी पुरते. त्यामुळे प्रश्न आधी ठरवून एकदम विचारावेत, मापे वहीत उतरवावीत आणि फोन बंद करून कामाला लागावे.