विकास नियंत्रण नियमावलीची सुधारणा (मुंबई)

शहराचा वीस वर्षांचा विकास आराखडा नवा झाला की बांधकामाचे नियमही त्याला जुळवून घ्यावे लागतात, ही नोंद त्या जुळवाजुळवीबद्दल आहे. उदाहरण मुख्यतः बृहन्मुंबईचं घेतलंय, कारण सगळ्यात जास्त भानगडी तिथेच झाल्या आणि कागदपत्रंही तिथलीच जास्त सापडतात. आराखडा सांगतो की कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे रस्ता. नियमावली सांगते की उरलेल्या प्लॉटवर काय आणि किती बांधायचं. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, आणि टीडीआर म्हणजे सार्वजनिक कामासाठी दिलेल्या जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क.

सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. काहीजण १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टपासून धरतात, काहीजण १९१५च्या नगररचना कायद्यापासून. पण ट्रस्टचं काम वस्त्या पाडून रस्ते काढण्याचं होतं आणि १९१५च्या कायद्यात सगळा भर तुकड्यातुकड्याच्या नगररचना योजनांवर होता, पूर्ण शहराचा आराखडा त्यात नव्हता. तो आला १९५४च्या कायद्याने, त्यामुळे तिथून मोजणं जास्त सयुक्तिक वाटतं. १९४८ची मोडक आणि मेयर यांनी केलेली शहराच्या नियोजनाची रूपरेषा महत्त्वाची खरी, पण तिला कायद्याचा आधार नव्हता. पहिल्या आराखड्याच्या सालाचाही घोळ आहे, कुठे १९६४ छापलेलं असतं कुठे १९६७. प्रारूप, म्हणजे मसुदा, १९६४चं आणि मंजुरी १९६७च्या सुमाराची, म्हणून दोन्ही साल आपापल्या जागी बरोबर आहेत. मुंबईत एफएसआय कधी आला या प्रश्नालाही हाच घोळ चिकटलाय. साधारणपणे १९६४ सांगतात, मात्र नियम म्हणून बंधनकारक कधी झाला असं विचारलं तर १९६७च्या आसपासचंच उत्तर द्यावं लागेल.

सध्याची चौकट महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे बोलीतला एमआरटीपी. कलम २३ने आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा, २५ने विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायचा, २६ने प्रारूप प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवायच्या, २८ने नियोजन समितीने सुनावणी घ्यायची, ३०ने शासनाकडे पाठवायचं आणि ३१ने मंजुरी. कलम २२मध्ये आराखड्यात काय काय असावं याची यादी आहे आणि विकास नियंत्रणाच्या तरतुदी त्यातच येतात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नियमावली हा आराखड्याचाच भाग. कलम ३८ने वीस वर्षांतून एकदा तरी सुधारणा करायची. आणि मग येतं कलम ३७, किरकोळ फेरबदलाचं. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत नसेल तर मधल्या काळातही फेरबदल करता येतो, आणि खरं सांगायचं तर मुंबईची नियमावली वीस वर्षांनी जेवढी बदलते त्याहून जास्त या ३७च्या दाराने बदलत आलीय.

दुसरा आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठीचा, पण त्याला भागाभागाने मंजुरी मिळाली १९९१ ते १९९४मध्ये, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावर. त्याच्यासोबतची नियमावली २५ मार्च १९९१पासून लागू झाली. टीडीआर हिच्यातलाच. निवासी वापराला शहरात १.३३ आणि उपनगरात १ असा मूळ एफएसआय, आणि त्यावर नियम ३३च्या पोटनियमांतून जादा एफएसआय, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी ३३(७), झोपडपट्टीसाठी ३३(१०) वगैरे. २०१२मध्ये निवासी बांधकामाला ३५ टक्के फंजिबल (म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा) एफएसआय आला, तोही असाच मधल्या फेरबदलाने.

या मधल्या फेरबदलांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे गिरण्यांच्या जमिनींचा नियम ५८. मूळ १९९१च्या नियमाप्रमाणे पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१च्या दुरुस्तीत ‘मोकळी जमीन’ याची व्याप्ती अशी ठरली की हिश्श्यासाठी फक्त आधीपासून रिकामी असलेलीच जमीन मोजायची, शेड पाडून मोकळी होणारी मोजायची नाही. आता गिरणी म्हटली की जवळजवळ सगळी जमीन शेडखालीच, त्यामुळे सार्वजनिक वाट्याला फारच थोडं उरलं. नकाशावर एक रेघही हलली नाही पण गिरणगावाचं भविष्य बदललं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप हा पर्यावरणवादी गट कोर्टात गेला, २००५मध्ये उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. एवढा मोठा परिणाम करणारा बदल किरकोळ कसा म्हणायचा, याचं पटेल असं उत्तर प्रस्तुत लेखकाला तरी मिळालेलं नाही.

तिसरी खेप २०१४-३४ची. तिचं प्रारूप फेब्रुवारी २०१५मध्ये आलं, स्टेशनांजवळ ८पर्यंत एफएसआय, आरे कॉलनी विकासाला खुली, उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तूंच्या नोंदीत चुका, अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते दुरुस्त करायला परत पाठवलं. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या देखरेखीखाली झालेलं नवं प्रारूप मे २०१६मध्ये, महापालिका सभेची मान्यता जुलै २०१७मध्ये आणि शासनाची मंजुरी ८ मे २०१८ला, तीही काही भाग वगळून. शासनाने सुचवलेले बदल सारभूत, म्हणजे मोठ्या स्वरूपाचे, ठरले की ते पुन्हा प्रसिद्ध करून हरकती घ्याव्या लागतात, म्हणून हा वगळलेला भाग मागाहून मंजूर होतो. नवी नियमावली १ सप्टेंबर २०१८पासून लागू झाली आणि नावात ‘नियंत्रण’च्या जोडीला ‘प्रोत्साहन’ आलं. मूळ एफएसआय तोच ठेवून वरचा एफएसआय रस्त्याच्या रुंदीप्रमाणे चढता केला, आणि व्यापारी बांधकामाला ३३(१९)खाली ५पर्यंत वाट मोकळी केली. नियम ३३च्या पोटनियमांचे जुने क्रमांक मात्र तसेच राहिले, त्यामुळे आर्किटेक्ट लोकांचं ‘थर्टी थ्री सेव्हन’ काही बदललं नाही.

प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून मंजुरीपर्यंतच्या काळात परवानगी देताना कलम ४६प्रमाणे प्रारूपही विचारात घ्यावं लागतं, त्यामुळे जुना आणि नवा असे दोन्ही नियम तपासून जो कडक तो लावायचा अशी पद्धत पडते आणि फाइली लांबतात. आरक्षणांसाठी, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागांसाठी, कलम १२७ आहेच, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं.

मुंबईबाहेर चित्र वेगळं. पुण्यात जुन्या हद्दीचा १९८७चा आराखडा सुधारायचं काम २०१५मध्ये शासनाने महापालिकेकडून काढून घेतलं आणि जानेवारी २०१७मध्ये मंजुरी दिली. बाकी शहरांच्या वेगवेगळ्या नियमावल्या डिसेंबर २०२०मध्ये एकत्रिकृत नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये विलीन झाल्या. मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाच्या आसपासचं क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं वगैरे तेव्हा तिच्यातून वगळली होती. बाकी ठिकाणी आता आराखडा प्रत्येक गावाचा आपापला आणि नियम बहुतांशी सगळ्यांना एकच.