प्रायोगिक संगीताचे श्रवण

ज्या संगीतात ध्वनींचा क्रम किंवा रचनेचा शेवट आधी पुरता ठरलेला नसतो, ते ऐकण्याची आणि ऐकलेल्यावर विचार करण्याची रीत. मराठवाड्यातील श्रोत्याचा कान बहुधा भजनाचा ठेका, कीर्तन, गोंधळातील संबळ आणि रागसंगीताची मैफल यांवर घडलेला असतो. समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान डोलावणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. प्रायोगिक रचनेत पुष्कळदा समच नसते. मग दाद द्यायची कोठे, असा प्रश्न पडतो आणि खरे श्रवण तेथूनच सुरू होते.

फ्रान्समध्ये पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये आगगाडीच्या ध्वनिमुद्रणांतून रचना केली. आवाज कशाचा हे बाजूला ठेवून त्याचा पोत ऐकावा, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची चार मिनिटे तेहेतीस सेकंदांची ‘मूक’ रचना पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी २९ ऑगस्ट १९५२ रोजी अमेरिकेतील वुडस्टॉक येथे प्रथम सादर केली. पियानोची एकही पट्टी दाबली गेली नाही; वारा, पावसाचे थेंब आणि श्रोत्यांची चुळबुळ तेवढी ऐकू आली. हीच रचना एखाद्या तालुक्याच्या गावी दुपारी सादर झाली, तर पंखा, पारवे आणि दूरची कडबाकुट्टी ऐकू येईल. ही थट्टा नव्हे. रचनेची तीच अपेक्षा आहे.

अमेरिकन संगीतकार ॲल्विन लूसिए यांनी १९६९ मध्ये खोलीत बोललेले शब्द मुद्रित करून त्याच खोलीत वाजवले, ते पुन्हा मुद्रित केले, आणि शब्द विरून केवळ खोलीचा घुमार उरेपर्यंत हे करत राहिले. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे ‘सुतार झोपडी’त, लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी कमानींखाली एक स्वर लावून गप्प राहिले, की लूसिए यांना काय ऐकवायचे होते ते विवेचनावाचून कळते.

देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त बावीस-बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. लगतच्या दोन तारांच्या नादांमध्ये तिसरा नाद मावू नये, इतक्या जवळ त्या लावायच्या, निवाडा कानाचा. शार्ङ्गदेवांना केजचे पूर्वज ठरवणे ओढूनताणून होईल. तरीही सुरावट बाजूला ठेवून केवळ नादावर कान रोखण्याची ही शिस्त या विषयाला फार जवळची आहे.

ऐकून झाल्यावर ‘आवडले’ किंवा ‘कळले नाही’ एवढ्यावर न थांबता काय ऐकू आले ते लिहून काढणे हा या रीतीचा दुसरा भाग. येथे मराठी हाताशी येते : खरखर, करकर, किरकिर, किणकिण, सळसळ, भुणभुण हे शब्द पोताचे भेद नेमके दाखवतात. जात्याची घरघर आणि पंख्याची घरघर यांतला फरक सांगायला मात्र त्या शब्दापुढे आणखी एक वाक्य लागते.