पाइनचे परागकण मिळाले म्हणजे तिबेट उंच होता?

‘जुन्या गाळाच्या खडकात पाइन-स्प्रूस या थंड हवेतल्या सूचिपर्णी झाडांचे परागकण मिळाले, म्हणजे तेव्हाच तिबेट उंच होता’ हा दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो कच्चा आहे. या कणांना हवेच्या दोन पिशव्या असतात, वाऱ्यावर ते शेकडो किलोमीटर जातात. शिवाय पाइन पराग उधळतो तोही अतोनात. नमुन्यात थोडा पाइन दिसला म्हणून जवळपास पाइनचे रान होते असे ठरत नाही.

मुळात पराग उंची सांगतच नाही, तापमान सुचवतो. प्रत्येक कणाचा आजचा जवळचा नातलग शोधायचा, ते सगळे एकत्र जगतील असा तापमानाचा पट्टा काढायचा आणि त्याच काळातल्या समुद्रसपाटीच्या तापमानातून वजा करायचा. या फरकावरून उंची निघते. चढताना दर किलोमीटरला साधारण ६.५ अंश सेल्सिअस घट धरली, तर १ अंशाची चूक म्हणजे सुमारे १५० मीटर! खरी गोम समुद्रसपाटीच्या आकड्यात आहे. गेल्या ३.४ कोटी वर्षांत पृथ्वी बरीच थंड झाली. तिथे आजचे तापमान घातले, तर पूर्वीची उंची कमी निघते आणि जागचा न हललेला डोंगरही नंतर चढल्यासारखा दिसतो.

प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना आणि हायड्रोफ्लोरिकने वाळू-माती विरघळवतात, मग निदान ३०० कण मोजतात. जुन्या खडकातून वाहून आलेले कण बहुधा अधिक गडद असतात. ते वेगळे काढले नाहीत तर सगळे गणित फसते.

आणखी एक: वनस्पती बहुतेकदा खोऱ्याचा तळ सांगतात, शिखर नव्हे. तिबेटच्या लुनपोला खोऱ्यातल्या ताडाच्या पानांवरून सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वीच्या तळाची उंची २.३ किलोमीटरच्या आत निघाली. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) मात्र त्याच भागाची उंची ४ किलोमीटरच्या वर काढली गेली होती.