पहिला टाका कुणावर? सर्जरी शिकवण्यामागचा लांबलचक इतिहास

मेडिकलच्या विद्यार्थ्यांना हल्ली सर्जरी विभागातल्या पोस्टिंगच्या (तिथे ठरावीक काळ काम करण्याच्या) आधीच स्किल लॅबमध्ये नेतात. सिलिकॉनच्या पॅडवर टाके घालायला लावतात, गाठी मारून घेतात, स्क्रब कसं करायचं (ऑपरेशनआधी हात कोपरापर्यंत घासून धुणं), ग्लोव्हज बाहेरून हात न लागता कसे घालायचे हे पुन्हा पुन्हा करून घेतात. बऱ्याच सिनियर लोकांना हे नवीन फॅड वाटतं, आम्ही नाही का ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभं राहूनच शिकलो असं म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही, ते तसेच शिकले. पण थोडं मागे जाऊन बघितलं तर पेशंटच्या आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवून घ्यायचा ही कल्पना खूप जुनी निघते. मधली कित्येक शतकं ती मागे पडली होती, आणि मागे पडली तेव्हा शिकणाऱ्यांच्या सरावाचा भार पेशंटच्या अंगावर आला, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

सुरुवात सुश्रुतसंहितेपासून करायला लागते. नुसतं 'आपल्याकडे सगळं होतं' म्हणून नाही, तर तिथे शिकवण्याची पद्धत इतकी बारकाईने लिहिलीये की आजची स्किल लॅब चालवणाऱ्याने ती वाचायलाच पाहिजे. सूत्रस्थानाचा नववा अध्याय, योग्यासूत्रीय, हा पूर्ण याच विषयावर आहे. सांगायचं एवढंच की शिष्याने सगळं शास्त्र वाचलं असलं तरी त्याच्याकडून हाताने सराव करून घ्या, कारण कितीही ऐकलेलं-वाचलेलं असलं तरी सराव नसेल तर तो कामाला अयोग्यच. मग आठ प्रकारची शस्त्रकर्मं घेतलीयेत आणि प्रत्येकासाठी वेगळी वस्तू. कापायचं शिकायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. भेदन, म्हणजे चिरून आतलं बाहेर काढणं, शिकायला पाण्याने किंवा चिखलाने भरलेली चामड्याची पिशवी नाहीतर जनावराचं मूत्राशय. खरवडायला ताणलेलं केसाळ चामडं, शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ, टाके घालायला घट्ट विणीच्या पातळ कापडाच्या कडा आणि मऊ चामडं. बँडेज बांधायला तर चक्क माणसाच्या आकाराचा बाहुला.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते एषण, म्हणजे सळई घालून जखमेची वाट शोधणं. त्यासाठी किड्यांनी पोखरलेलं लाकूड वापरायला सांगितलंय. का, तर किडा सरळ रेषेत पोखरत नाही, वाट वळते, मध्येच अरुंद होते, फाटा फुटतो, आणि नाडीव्रणाचा, म्हणजे आत खोल नळीसारख्या गेलेल्या जखमेचा, मार्गही असाच असतो, जोर केला की सळई भलतीकडे शिरते आणि नवीनच वाट तयार होते. म्हणजे वस्तू निवडताना ती दिसायला शरीरासारखी आहे का हे बघितलेलंच नाही, हाताला जे जाणवायला पाहिजे ते तिथे जाणवतं का हे बघितलंय. आज लाखोंचे सिम्युलेटर (ऑपरेशनचा सराव करायची यंत्रं) घेताना नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो!

युरोपात वेगळंच झालं. मध्ययुगात तिथल्या विद्यापीठांतून शिकलेले डॉक्टर हाताने काम करणं कमी प्रतीचं समजायचे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेने, वरच्या दर्जाच्या धर्मगुरूंना कापण्या-डागण्याची शस्त्रक्रिया करायला मनाई केली, आणि शिकलेले बरेच लोक चर्चशी बांधलेले असल्याने सर्जरी न्हाव्यांच्या हातात गेली. शवविच्छेदन असायचं तेव्हा प्रोफेसर उंच खुर्चीत बसून गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचणार, खाली न्हावी कापणार, तिसरा कुणीतरी काठीने दाखवणार, आणि ग्रंथात एक नि समोर दुसरंच असलं तरी ग्रंथ बरोबर. शरीररचना शिकवणाऱ्या व्हेसेलियसने इटलीतल्या पाडुआमध्ये स्वतः खाली उतरून हातात सुरी घेतली आणि 1543 मध्ये त्याचा शरीररचनेचा ग्रंथ आला, त्याच्या मुखपृष्ठावरच तो प्रेताशेजारी उभा राहून शिकवताना दिसतो. दुसरीकडे फ्रान्सचा सर्जन आंब्रोआज पारे, न्हावी-सर्जनकडे उमेदवारी करून वर आलेला, लॅटिन न येणारा. 1537 च्या लढाईत जखमा डागायचं उकळतं तेल संपलं म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावलं, आणि सकाळी बघतो तर तेलाने डागलेले जवान तापात तळमळताहेत आणि हे बाकीचे शांत झोपलेत. ग्रंथ न वाचता आलेल्या माणसाने डोळ्यांनी बघून शिकलेली गोष्ट पुढे ग्रंथात गेली.

उमेदवारी म्हणजे काय तर वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली राहायचं, तो करेल ते बघायचं, आणि एक दिवस आपल्याला सुरी मिळते. यात चांगलं खूप होतं, पण उस्ताद चुकीचं करत असेल तर शिष्यही तेच चुकीचं पुढे नेणार आणि शिष्य तयार झालाय की नाही हे ठरवायला उस्तादाच्या मर्जीशिवाय काहीच नाही.

इंग्लंडमध्ये 1540 मध्ये न्हावी आणि सर्जन यांची एकच कंपनी, म्हणजे व्यावसायिकांचा संघ, झाली, तिला शिकवण्यासाठी वर्षाला फाशी दिलेल्या चार गुन्हेगारांची प्रेतं मिळायची, 1745 मध्ये सर्जन वेगळे झाले. त्याच सुमाराला विल्यम हंटरने लंडनमध्ये शरीररचना शिकवायची शाळा काढली, प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः विच्छेदन करायचं अशी पॅरिसची पद्धत तिथे सुरू केली, भाऊ जॉन हंटरही 1748 मध्ये तिथेच आला. पण प्रत्येकाने स्वतः करायचं म्हटलं की प्रेतं लागतात, आणि ती कुठून आणायची याचं उत्तर फार वाईट निघालं. थडगी उकरून प्रेतं विकण्याचा धंदाच सुरू झाला, आणि 1828 मध्ये एडिनबराला बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसांचे खून करून प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या रॉबर्ट नॉक्सला विकली. त्यानंतर 1832 चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आला आणि बेवारस प्रेतं कायद्याने मिळायला लागली. बेवारस म्हणजे बहुतेक गरीब, वर्कहाउसमध्ये (निराधारांना ठेवून काम करून घ्यायच्या सरकारी जागेत) मेलेली माणसं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज देहदान केलेल्या माणसासमोर विद्यार्थी पहिल्या दिवशी शपथ घेतात, मौन पाळतात, त्यामागे हे सगळं आहे आणि ते विद्यार्थ्यांना सांगायलाच पाहिजे.

16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये ईथर हुंगवून भूल देण्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि शिकवण्याचा पायाच बदलला. तोपर्यंत चांगला सर्जन म्हणजे वेगवान सर्जन, पाय दोन-तीन मिनिटांत वेगळा करणारा, आणि पेशंट ओरडत असताना कुणाला काय शिकवणार? भूल आली तसा वेळ मिळाला, 1867 मध्ये ब्रिटिश सर्जन लिस्टरने जखमेतले जंतू मारायची कार्बोलिक अ‍ॅसिडची पद्धत मांडली आणि नंतर पोट उघडणंही शक्य झालं. मग वेगापेक्षा टिश्यू (शरीरातल्या ऊती) हळुवार हाताळणं, रक्तस्राव नीट थांबवणं, टाक्यावर ताण न देणं हे महत्त्वाचं ठरलं. हे नियम अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेडच्या नावाने ओळखले जातात आणि आजही पहिल्या लेक्चरला शिकवतात.

हॉल्स्टेड जर्मनी-ऑस्ट्रियात फिरून बिलरॉथ, लांगेनबेक या सर्जनची शिकवण्याची पद्धत बघून आला होता, आणि 1889 मध्ये अमेरिकेत उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये त्याने रेसिडेन्सी, म्हणजे सर्जन होण्याचं तिथलं प्रशिक्षण, उभी केली. रेसिडेंटने हॉस्पिटलमध्येच राहायचं, जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढणार, आणि किती वर्षं ते ठरलेलं नाही, हॉल्स्टेडला वाटेल तेव्हा. खाली बरेच जण सुरू करायचे, वर एकच पोचायचा, बाकीचे मध्येच बाहेर. ही उतरंड 1930 च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनमध्ये सर्जन एडवर्ड चर्चिलने मोडली. 'एकदा बघा, एकदा करा, एकदा शिकवा' हे वाक्यही हॉल्स्टेडच्याच नावावर सांगतात, पण त्याच्याकडे लोक वर्षानुवर्षं असिस्ट करायचे, एकदा बघून करायला देणारा तो माणूस नव्हता. आणि याच हॉपकिन्समध्ये 1905 ला हंटेरियन लॅबोरेटरी सुरू झाली, तिथे सर्जन हार्वी कुशिंग मेडिकलच्या विद्यार्थ्यांकडून कुत्र्यांवर ऑपरेशन करून घ्यायचा, भूल आणि अ‍ॅसेप्सिस (जंतू आत जाऊ न देण्याची काळजी) सकट सगळं पेशंटसारखंच. प्राण्यांबद्दलचा प्रश्न आज वेगळ्या नजरेने बघितला जातो आणि तो बघायलाच हवा, पण रेसिडेंट होण्याआधी विद्यार्थ्याच्या हातात काम द्यायचा विचार तिथे दिसतो.

फ्रेंच सर्जन आलेक्सी कारेलचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1894 मध्ये लिओंला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना भोसकलं, पोटातली मोठी शीर फाटलेली, आणि ती शिवता येईल असं तेव्हा सर्जन मानतच नव्हते. तरुण कारेलने ते मनावर घेतलं, भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुईदोरा शिकला, आणि पुढे रक्तवाहिन्या जोडायची अशी पद्धत काढली की 1912 चं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणाऱ्या सर्जननेही हात बसवला तो पेशंटपासून लांब.

मग इतकं सगळं माहीत असून स्किल लॅब यायला विसावं शतक संपत का यावं लागलं? मुख्य धक्का दुर्बिणीच्या सर्जरीने दिला. 1985 मध्ये जर्मनीत एरिख म्यूहेने आणि 1987 मध्ये लिओंला फिलीप मूरेने पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सगळ्यांनाच ते करायचं होतं. चांगले मुरलेले सर्जन पुन्हा नवशिके झाले, कारण समोर सपाट पडदा, खोली कळत नाही, हात डावीकडे नेला की आत हत्यार उजवीकडे जातं. पित्तनलिकेच्या इजा वाढल्या. वीस वर्षांचा अनुभव नवीन हत्याराला आपोआप लागू होत नाही हे तेव्हा उघड दिसलं. त्यात कामाच्या तासांवर मर्यादा आली, अमेरिकेत 2003 पासून रेसिडेंटला आठवड्याला 80 तास, युरोपात पुढे 48, त्यामुळे ओटीत नुसतं उभं राहून हळूहळू शिकण्याइतका वेळच उरला नाही.

हाताचं कौशल्य मोजायचं काम कॅनडात टोरांटोमध्ये झालं. रिचर्ड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ओसॅट्स नावाची परीक्षा मांडली, त्यात विद्यार्थी एकेका टेबलावर ठरलेलं काम करतो आणि परीक्षक सात मुद्द्यांवर पाचपैकी मार्क देतात, टिश्यूशी वागणूक, हालचाली वाया जातात का, हत्यार कसं धरलंय, असे मुद्दे. 'याचा हात चांगला आहे' हे युनिटमध्ये सगळेच म्हणायचे, पण चांगला म्हणजे नेमकं काय ते पहिल्यांदा कागदावर आलं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या छोट्या अभ्यासात, फक्त 16 रेसिडेंट, आधी सिम्युलेटरवर सराव केलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून 29 टक्के जलद सोडवलं, आणि सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा किंवा भलत्या टिश्यूला चटका बसण्याची शक्यता पाचपट निघाली.

शिकवायची पद्धतही बदलली. 1998 मध्ये पेटन या सर्जनने चार पायऱ्या मांडल्या, आणि साध्या टाक्यावर त्या बघितल्या की मुद्दा कळतो. आधी शिकवणारा काही न बोलता नेहमीच्या वेगाने टाका घालून दाखवतो. दुसऱ्या वेळी हळू, बोलत बोलत, की सुई टोकाकडून नाही तर धागा जोडलेल्या बाजूकडून साधारण एक तृतीयांशावर पकडायची, कातडीत काटकोनात शिरवायची आणि मग ढकलायची नाही, मनगट फिरवायचं म्हणजे सुई आपल्याच गोलाईने बाहेर येते, ढकललं की टिश्यू फाटतं नाहीतर सुई वाकते. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगतो आणि शिकवणारा फक्त तेवढंच करतो. ही पायरी बहुतेक ठिकाणी वेळ नाही म्हणून गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच, कारण 'मग सुई आत घाला' एवढंच बोलून विद्यार्थी थांबतो तेव्हा काटकोन त्याच्या डोक्यात बसलेलाच नाही हे त्याच क्षणी कळतं. चौथ्या वेळी तो स्वतः करतो.

हाताच्या कौशल्याचा पेशंटवर खरंच फरक पडतो का असं विचारणारे अजूनही भेटतात. 2013 मध्ये मिशिगनमधल्या 20 बॅरिअ‍ॅट्रिक (लठ्ठपणावर ऑपरेशन करणाऱ्या) सर्जननी आपल्या ऑपरेशनचे व्हिडिओ दिले, इतर सर्जननी नावं माहीत नसताना मार्क दिले. सगळ्यात खालच्या गटाच्या पेशंटमध्ये कॉम्प्लिकेशन 14.5 टक्के, वरच्या गटात 5.2. सगळे पूर्ण शिकलेले, प्रॅक्टिस करणारे सर्जन. हे आकडे बघितल्यावर विद्यार्थ्याचा हात पहिल्यापासून नीट बसवण्याला फॅड म्हणायला जीभ रेटत नाही.

आता खरा वाद लॅब हवी की नको हा नाहीच, वेळापत्रकाचा आहे. 2006 मध्ये टोरांटोतच 38 ज्युनिअर रेसिडेंटना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं, निम्म्यांना चारही सेशन एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक असे चार. शिकवणं तेच, तास तेवढेच. महिन्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याला एक सेशनवाले पुढे निघाले. तरीही विद्यार्थ्यांसाठी अजून बहुतेक ठिकाणी एका दिवसाचं वर्कशॉप ठेवतात, सर्टिफिकेट देतात, आणि पॅड, नीडल होल्डर (सुई धरायचं हत्यार) पुढच्या बॅचपर्यंत कपाटात कुलूपबंद. तेच सामान संध्याकाळी दोन तास उघडं ठेवलं आणि आठवड्यातून एकदा कुणी सिनियर रेसिडेंट येऊन हात बघून गेला तरी खूप होईल, त्याला वेगळं बजेटही लागत नाही.