पहिल्या घराची करसवलत

कर्ज काढून पहिले राहते घर घेणाऱ्याला व्याजापोटी प्राप्तिकरात मिळणारी जादा वजावट. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे सोडून मांजलपूर, गोत्री, वासणा-भायलीकडे फ्लॅट किंवा टेनामेंट (स्वतंत्र छोटे घर) घेणारे बडोद्याचे मराठी नोकरदार तिला सरसकट ‘होम लोनची सूट’ म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो. कर्जाच्या मुद्दलाची वजावट (1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 80सी, इतर बचतीसह 1.5 लाख रुपये) आणि व्याजाची वजावट (कलम 24(ब), राहत्या घरासाठी 2 लाख) कितव्याही घराला लागू होते. खास पहिल्या घरासाठी आली ती कलमे दोनच, 80ईई आणि 80ईईए.

ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. अमेरिकेने 2008 मध्ये पहिल्या घरासाठी 7,500 डॉलरपर्यंत रक्कम थेट करातून वळती करून दिली. ती 15 वर्षांत परत करायची असल्याने खरे तर ते बिनव्याजी कर्जच होते. 2009 मध्ये रक्कम 8,000 झाली आणि परतफेडीची अटही गेली. आपल्याकडे दीड लाखाची वजावट 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह 31,200 रुपये वाचवते, तर 5 टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे फार तर 7,800. म्हणजे हप्ता ज्याला जास्त जड, त्याच्या हाती कमी.

80ईई हे कलम 2013 च्या अर्थसंकल्पात आले: 25 लाखांपर्यंत कर्ज, 40 लाखांपर्यंत घर, एकूण 1 लाखाची वजावट. 2016 मध्ये ते नव्याने लिहिले गेले. कर्जाची मर्यादा 35 लाख, घराची 50 लाख, आणि वजावट वर्षाला 50,000. 2019 मध्ये आलेल्या 80ईईएने वर्षाला दीड लाख दिले. त्यासाठी कर्ज 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2022 या काळात मंजूर झालेले हवे आणि घराचे मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य 45 लाखांच्या आत हवे. तारीख मंजुरीची धरतात, दस्तावेजाची (खरेदीखताची) किंवा ताब्याची नाही. त्यामुळे बँकेचे मंजुरीपत्र जपून ठेवावे. कर्जही बँकेचे किंवा गृहवित्त कंपनीचेच लागते. सासऱ्यांकडून व्याजाने घेतलेले पैसे 24(ब)ला चालतात, इथे चालत नाहीत.

‘पहिले घर’ हे शब्दही फसवे आहेत. कर्जमंजुरीच्या दिवशी करदात्याच्या मालकीचे कोणतेही निवासी घर नसावे, एवढेच कलम म्हणते. आधीचा फ्लॅट विकून मोकळा झालेला माणूस त्यात बसतो. वाड्यातल्या दोन खोल्या चुलतभावांसोबत वारशाने नावावर आलेला अडू शकतो. हिश्श्याचे काय, याचा कलमात वेगळा उल्लेख नाही. ‘वाडा एकत्र कुटुंबाचा, माझा कुठे?’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास होतो. पण 1956 च्या वारसा कायद्याने वडिलांकडून आलेली मिळकत मुलाची स्वतःची, असे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्येच म्हटले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेची अट याहून कडक आहे: नवरा, बायको आणि अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे.

80ईईएतले 45 लाखांचे मुद्रांक मूल्य ज्या सरकारी दरपत्रकावरून ठरते, त्याला महाराष्ट्रात रेडी रेकनर म्हणतात आणि गुजरातेत जंत्री. 2011 ची जंत्री एप्रिल 2023 पर्यंत तशीच होती, म्हणजे 80ईईएचा सगळा काळ जुन्या दरांत गेला.

दोन्ही कलमांची मुदत आता संपली आहे. मुदतीत कर्ज मंजूर झालेल्यांना वजावट पुढेही मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. 2023-24 पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. 2025-26 पासून तीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नसल्याने पुष्कळांना तिची गरजही उरलेली नाही. आज पहिल्या घराला सरकारी हातभार हवा असेल तर तो करातून कमी आणि व्याज अनुदानातून जास्त मिळतो. सप्टेंबर 2024 पासूनच्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 9 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, 35 लाखांपर्यंतच्या घरावर आणि 25 लाखांपर्यंतच्या कर्जावर, पाच वार्षिक हप्त्यांत 1.80 लाखांपर्यंत अनुदान आहे.

बडोद्यात आणखी एक हिशेब चालतो. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का; घर फक्त बाईच्या नावे असेल तर नोंदणी फी माफ. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर चाळीस हजार वाचतात, म्हणून बानाखतापासूनच (साठेखतापासूनच) बायकोचे नाव घालतात. मात्र व्याजाची वजावट मालकाला मिळते, नुसता हप्ता भरणाऱ्याला नाही. हप्ता नवऱ्याच्या पगारातून जात असेल आणि दस्तावेजात त्याचे नाव नसेल, तर 30 टक्क्यांच्या टप्प्यात त्याचे 24(ब)चे वर्षाला 62,400 रुपयांपर्यंत जातात. नव्या प्रणालीत गेलेल्यांना हा तोटा उरत नाही. त्यांच्यापुरता बायकोच्या नावाचा दस्तावेज पुन्हा फायद्याचा झाला आहे.